आतला खिसा

समोरच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलाचं माप तिच्या लक्षात असायचं, नावं मात्र बरीचशी विसरलेली असायची. रस्त्यात एखादा मिशीवाला तरुण आडवा येऊन "ओळखलंत का मावशी?" म्हणाला, की ती आधी त्याच्या खांद्यांकडे बघायची. "डावा खांदा जरासा उतरता. तू तो, महिन्याभरात दोन्ही कोपरं फाडून आणायचास!" तरुण लाजून हसायचा आणि बायकोला सांगायचा, "ह्या आमच्या टेपमावशी."

गळ्यात कायम माप घ्यायची टेप, म्हणून टेपमावशी. तिची टेप गळ्यातून कधी उतरत नसे. एकदा ती तशीच एका साखरपुड्याला जाऊन आली होती आणि फोटोतही ती टेप आली होती. शाळेच्या फाटकासमोर तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानात एक पायमशीन, एक मोटारीवरचं मशीन, कापायचं लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी साचे: सहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतचे शर्ट. टेबलाच्या खणात मापवही. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने तिला मान वर करायला फुरसत नसे. एका मुलाला वहीतलं एक पान. उंची, छाती, खांदा, बाही, कंबर, आणि शेवटी एक ओळ सूचनांची. "वाढतं अंग, तीन बोटं दुमड ठेवणे." "आईचं ऐकू नये, मुलगी सांगते तेच माप बरोबर."

नवरा पुठ्ठ्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. तीस वर्षं त्याने तेच काम केलं होतं. माणूस कमी बोलणारा, पण बोलला तर नेमकं. घर, शाळा, कारखाना सगळं एकाच सखल पट्ट्यात होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचा रूळ. त्या पट्ट्यात चार चिमण्या होत्या. एक रंगाच्या कारखान्याची, एक रबराची, एक शहराचा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाची आणि एक नवऱ्याच्या बॉयलरची. शिवाय ट्रकचा तळ. दिवसरात्र तिथे इंजिनं घरघरत असायची.

हवेचं म्हणाल, तर टेपमावशीला ती कपड्यात दिसायची. पांढरं कापड उघडं ठेवायची सोयच नव्हती. सकाळी घडी घालून ठेवलेल्या शर्टाच्या दुमडीत दुपारपर्यंत काळी रेघ धरायची. शिवलेले कपडे ती जुन्या चादरीत बांधून ठेवायची, तरी गिऱ्हाइकाला देताना एकदा झटकायचीच. अकरा वर्षांपूर्वी शाळेने गणवेशाचा शर्ट पांढऱ्याचा करडा केला. पत्रकात लिहिलं होतं, "विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी." सोय कसली, आयांनी हात टेकले होते. करड्या शर्टावर मळ दिसत नाही, एवढाच काय तो फायदा.

त्याच्याही पाच वर्षं आधी एक आई तिच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली होती. मुलीला दम्याचा त्रास होता. श्वास अडकला की औषधाचा पंप तोंडात धरून ओढायचा, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. पंप दप्तरात असायचा, दप्तर वर्गात, आणि मुलगी मैदानात. एके दिवशी ती मैदानातच निळी पडली. बाईंनी दप्तर शोधून आणेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"स्कर्टच्या खिशात ठेवला तर धावताना पडतो," आई म्हणाली. "मावशी, अंगावरच राहील असं काहीतरी कर गं."

मावशीने दोन दिवस डोकं चालवलं. मग शर्टाच्या आत, डाव्या छातीशी, चार बोटं रुंद खिसा लावला. वरून झाकण. झाकणाला बटण लावायला घेतलं आणि थांबली. श्वास अडकलेलं पोर बटण कुठं काढत बसेल? तिने बटण ठेवून दिलं आणि झाकण नुसतं आत खोचलं जाईल असं शिवलं. शर्ट स्वतःच्या छातीशी धरून, डोळे मिटून, एका हाताने पंप काढून बघितला. एकदा, दोनदा, दहादा. मग वहीत त्या मुलीच्या पानावर सूचनांच्या ओळीत लिहिलं, "आ. खि." म्हणजे आतला खिसा. आणि पुढे, "निळा पंप, आखूड."

त्या वर्षी असे तीन खिसे झाले. पुढच्या वर्षी पाच. मग खिशाची अशी काही चर्चा झाली की धडधाकट पोरंही मागायला लागली. एकाने तर त्यात गोट्या ठेवायचा बेत आखला होता. तेव्हापासून मावशीचा नियम झाला: आधी पंप दाखव, मग खिसा. पंप हातात घेऊन ती त्याचंही माप घ्यायची, कारण निळा आखूड असायचा आणि तपकिरी लांब. दोन्ही असले तर खिसा रुंद करावा लागे. हे सगळं ती वहीत लिहायची, कारण पुढच्या वर्षी तोच पोरगा येणार आणि तिला परत डोकेफोड करायची नसायची. त्यामागे दुसरा काही विचार नव्हता.

एका सकाळी शाळेच्या मोठ्या बाई एक पिवळा कागद घेऊन दुकानात आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि रागावल्या की अधिकच सावकाश बोलणाऱ्या.

"हे... वाचा," त्या म्हणाल्या.

नोटीस होती. दवाखान्यांतला कचरा जाळण्यासाठी एका कंपनीला रुळाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत भट्टी उभारायची होती. पाचवी चिमणी. हरकती असल्यास जनसुनावणीत मांडाव्यात, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं.

मावशीने कागद परत दिला. "बाई, मागच्या वेळी कचरा प्रकल्पाच्या सुनावणीला गेलो होतो आपण. आठवतंय ना काय झालं ते?"

न आठवायला काय झालं? तेव्हा सगळी वस्ती लोटली होती, घसा फुटेस्तोवर बोलली होती, आणि उत्तर आलं होतं की सदर प्रकल्पाचा धूर ठरलेल्या मर्यादेत आहे. त्याआधी रबराच्या कारखान्याच्या वेळी तेच. रंगाच्या वेळी तेच. त्या दिवशी घरी येताना नवरा म्हणाला होता, "प्रत्येक चिमणी नियमात बसते. आपणच कुठे बसत नाही." तो विनोद पुढे वस्तीत बरेच दिवस फिरला.

"या वेळी कायदा बदललाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या शाळेत वकीलबाई येणार आहेत. तुम्ही या."

वकीलबाई मोफत सल्ला केंद्रातून आली. तिशीच्या आतली, किडकिडीत, आणि तिचा काळा कोट तिच्यापेक्षा दोन मापं मोठा. मावशीचं अर्धं लक्ष त्या कोटाच्या बाह्यांकडेच होतं. पण पोरगी बोलायला लागली तशी ती सावरून बसली.

"जुना कायदा एकेका चिमणीला विचारायचा, तू मर्यादेत आहेस का? ती म्हणायची, आहे. विषय संपला. नवा कायदा वस्तीला विचारतो, तुमच्या डोक्यावर आधीच एकूण किती आहे? सगळ्या चिमण्या, सगळे ट्रक, लोकांचे आजार, सगळं एकत्र मोजायचं. ज्या वस्त्यांवर इतरांपेक्षा जास्त भार आहे, तिथे नवीन धुरामुळे तो आणखी वाढणार असेल, तर परवानगी नाकारलीच पाहिजे. नाकारता येईल असं नाही म्हणत मी. नाकारलीच पाहिजे."

"म्हणजे आपल्यावर भार आहे हे सरकारनं लेखी कबूल केलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"यादीत आपल्या वस्तीचं नाव आहे."

"मग माझंही नाव घाला वेगळं," एक बाई म्हणाली, "माझ्याकडे सासूबाई आणि तीन नणंदा आहेत." हशा झाला. वकीलबाईही हसली, आणि तिथून सभा जरा सैल झाली.

पण अडचण मोठी होती. कंपनीने जाडजूड अहवाल दिला होता आणि त्यात लिहिलं होतं की परिसरात श्वसनाच्या आजारांचं लक्षणीय प्रमाण नोंदवलेलं आढळत नाही. मोठ्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. वकीलबाईने त्यांना हातानेच बसायची खूण केली.

"ते खोटं बोलत नाहीयेत, बाई. नोंदवलेलं नाहीच. इथला दवाखाना सहा वर्षांपूर्वी बंद झाला. आता कोण पुलापलीकडे जातं, कोण स्टेशनजवळ, कोण सरकारी रुग्णालयात. तिथल्या नोंदीत आजार असतो, वस्ती नसते. आपल्याला लागते ती आकडेवारी. बऱ्याच वर्षांची, एकाच ठिकाणची. ती कोणाकडे आहे?"

शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरी होती, पण तिचं कारण नव्हतं. टेपमावशीच्याही ध्यानात काही आलं नाही.

सभा संपल्यावर मात्र तिने वकीलबाईला गाठलं. "हा कोट घालून सुनावणीला उभी राहणार तू? बाह्या बघ, बोटं पण दिसत नाहीत. चल दुकानात, दहा मिनिटांचं काम आहे."

वकीलबाई नको नको म्हणत दुकानात आली. मावशीने कोट उतरवून घेतला, बाह्यांचं अस्तर उसवायला घेतलं. पोरगी बसल्या बसल्या टेबलावरची उघडी मापवही चाळायला लागली.

"मावशी, हे आ. खि. म्हणजे काय?"

"आतला खिसा. पंपाचा."

"कसला पंप?"

मावशीने सुई न थांबवता सांगितलं. सांगून झाल्यावर तिने वर बघितलं. वकीलबाई एकेक पान उलटत होती. आ. खि. दोन पानं सोडून आ. खि. मग लागोपाठ दोन.

"अशा किती वह्या आहेत तुमच्याकडे?"

"खिसा लावायला लागले तेव्हापासूनच्या? सोळा. म्हणजे पंधरा. एक भिजली, टाकून दिली."

"मावशी," पोरगी हळूच म्हणाली, "कोट राहू द्या."

पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर मोठ्या बाई, वकीलबाई आणि मावशी कापायच्या टेबलाभोवती बसत होत्या. मुलांची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून नुसतं वय आणि वर्ष वेगळ्या कागदावर उतरवलं. त्यालाही मोठ्या बाईंनी घरोघरी फिरून आईबापांची संमती घेतली. पहिल्या वहीत दोनशे चौदा मुलं, तीन खिसे. शेवटच्या वहीत एकशे सत्त्याऐंशी मुलं, एकोणचाळीस खिसे. मोठ्या बाईंनी आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. वर्गात पाच जणांमागे एक. मावशीने हे खिसे स्वतःच्या हाताने शिवले होते, एकेक करून. एकत्र कधी बघितले नव्हते.

"माझ्या डोळ्यांसमोर होतं," ती म्हणाली, "आणि मी आपली झाकणं शिवत बसले."

"झाकणं शिवलीत म्हणून तर लिहिलं गेलं," वकीलबाई म्हणाली. "पण एक सांगते. कायदा म्हणतो, इतरांपेक्षा जास्त. म्हणजे इतरांकडे किती, तेही दाखवावं लागेल."

त्याचं उत्तर मावशीकडे होतं. नदीपलीकडे टेकडीवरच्या शाळेचे गणवेश एक म्हातारे शिंपी मास्तर शिवायचे. मास्तरांचं आणि तिचं फारसं सख्य नव्हतं. एका मोठ्या कामावरून बारा वर्षांपूर्वी बिनसलं होतं. तरी ती पूल ओलांडून गेली. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, खुर्ची दिली नाही.

"मास्तर, पोरांच्या पंपासाठी आतून खिसा लावता का तुम्ही?"

"मागतात कधीमधी. गेल्या वर्षी दोन. त्याआधीच्या वर्षी एक असेल."

"मुलं किती?"

"अडीचशेच्या वर. का?"

तिने सांगितलं. मास्तर ऐकत राहिले. मग आत जाऊन शर्ट घेऊन आले, नुकताच शिवलेला. "असाच लावतो मी. बघ."

मावशीने खिसा उलटा करून बघितला आणि तिच्यातली कारागीर जागी झाली. "बटण? मास्तर, बटण लावलंत? दम लागलेलं लेकरू बटण काढत बसणार?"

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी शर्ट हातात घेतला, बटणावरून अंगठा फिरवला. "हे मला सुचलंच नाही गं," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. ती परत निघाली तेव्हा तिच्या पिशवीत मास्तरांच्या सहीचं पत्र होतं, आणि मास्तर एकेक बटण उसवत बसले होते.

घरात मात्र वेगळंच वारं वाहत होतं. एका संध्याकाळी नवरा कामावरून आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"साहेबांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, तुमच्या मिसेस फार पुढे पुढे करतायत म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? दोन वर्षं राहिली माझी निवृत्तीला." तो थांबला. "तू माझ्याच चिमणीविरुद्ध बोलणार?"

"नव्या भट्टीविरुद्ध बोलणार."

"एकूण मोजायचं म्हणालीस ना? त्या एकूणात माझी चिमणी पण आली."

मावशीच्या हातात ताट होतं. ते तिने खाली ठेवलं. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण तीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाशी तसं कधी केलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "आली."

तो उठून पायरीवर जाऊन बसला. समोर शाळेचं मैदान रिकामं होतं. पुढचे तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं, "पाणी आलं का" आणि "दार लाव" एवढंच.

सुनावणी सार्वजनिक सभागृहात होती. सकाळी अकराची वेळ. लोखंडी खुर्च्या, किंचाळणारा माईक आणि समोर तीन जणांचं मंडळ. मधोमध अध्यक्षबाई, पन्नाशीच्या, समोर कागदांचा ढीग आणि बोलणाऱ्याला थांबवायला एक छोटी घंटी. आधी कंपनीचा इंजिनियर बोलला. पडद्यावर हिरवीगार चित्रं आली, धुराचे आकडे आले, तीन टप्प्यांत धूर गाळणारी यंत्रणा आली.

मग टेपमावशीचं नाव पुकारलं गेलं. माईकसमोर उभं राहिल्यावर तिचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला कळेना. तिने गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं धरली.

"मी शाळेचे कपडे शिवते," ती म्हणाली. आवाज इतका मोठा घुमला की ती दचकली आणि मागे सरकली. लोक हसले. तीही हसली आणि मग तिला सुचत गेलं. खिसा कसा सुरू झाला, बटण का नाही, पहिल्या वर्षी किती, आता किती. पलीकडच्या मास्तरांकडे किती.

इंजिनियरने हात वर केला. आवाज अदबीचा होता. "मावशींच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण शिवणकामाची वही हा वैद्यकीय पुरावा नव्हे. खिसा सोयीचा आहे, मुलांना आवडतो. फॅशन म्हणूनही मागणी वाढू शकते. शिवाय एका वर्षाची वही नाहीच."

अध्यक्षबाईंनी मावशीकडे बघितलं. "यावर काही सांगायचंय?"

"वही भिजली, ते खरं आहे," मावशी म्हणाली. "ती माझी चूक. मी डॉक्टर नाही, तेही खरं. पण साहेब म्हणतात तसं पोरांनी हौसेनं मागून बघितलं होतं, पहिल्या दोन वर्षांतच. म्हणून मी पंप बघितल्याशिवाय खिसा लावतच नाही. कुठलंही पान काढा, त्यावर पंपाचा रंग लिहिलाय आणि लांबी लिहिलीय. निळा म्हणजे दम लागला की घ्यायचा. तपकिरी म्हणजे रोजचा. आता बहुतेकांकडे दोन्ही असतात, म्हणून खिसा सहा बोटांचा करते." तिने टेप सोडली. "पंप कोणी फॅशन म्हणून घेत नाही, साहेब."

अध्यक्षबाईंनी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेली एक वही मागून घेतली. मधलं एक पान उघडलं, वाचलं. दुसरं उघडलं. घंटी वाजवायची वेळ होऊन गेली होती, ती त्यांनी वाजवली नाही.

"आणखी कोणाला काही विचारायचं आहे?"

"मला," सभागृहाच्या मागून आवाज आला.

मावशीने वळून बघितलं. दाराशी नवरा उभा होता, कारखान्याच्याच निळ्या कपड्यांत. जेवणाच्या सुट्टीला अजून तासभर होता.

"मी बॉयलरवर काम करतो," तो माईकशिवायच म्हणाला. "इंजिनियर साहेबांना विचारायचंय. गार भट्टी पेटवल्यापासून गाळण यंत्रणा चालू होईपर्यंत किती वेळ जाणार?"

इंजिनियरने कागद चाळले. "ते... प्रक्रियेवर अवलंबून असतं."

"धूर तापेपर्यंत गाळायच्या पिशव्यांतून सोडत नाहीत. पिशव्या ओल्या होऊन बसतात. तोवर बाजूच्या वाटेनं सरळ चिमणीत. न गाळता. दीड-दोन तास जातात. मी तीस वर्षं हेच करतोय, म्हणून विचारतो." तो दोन पावलं पुढे आला. "तुमची भट्टी वर्षातून किती वेळा विझणार आणि किती वेळा पेटणार?"

"अहवालात भट्टी अखंड चालेल असं धरलेलं आहे."

"अखंड म्हणजे एकदाही विझणार नाही?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. "मग आम्हालाही शिकवा की ती युक्ती."

सभागृह खो खो हसलं. अध्यक्षबाईंनी हसू दाबत काहीतरी लिहून घेतलं, बराच वेळ.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "तीस वर्षं हेच करतोय, असं भर सभेत सांगितलंत?"

"खोटं आहे का?" तो म्हणाला. "तू आपली चूक सांगितलीस, वहीची. मग मी काय तोंड शिवून बसू?" आणि घड्याळ बघून तो कारखान्याकडे पळाला.

निकाल यायला अकरा आठवडे लागले. तेवढ्यात मावशीने दोन लग्नांचे कपडे शिवले आणि वकीलबाईच्या कोटाच्या बाह्या बसत्या केल्या. निकालाचं पत्र शाळेत आलं, मोठ्या बाईंनी ते दुकानात येऊन वाचलं, नेहमीपेक्षाही सावकाश. परवानगी नाकारली होती. वस्तीवरचा भार आधीच शेजारच्या भागांपेक्षा जास्त आहे आणि प्रस्तावित भट्टीमुळे त्यात भर पडेल. भट्टी पेटवताना सुटणारा धूर अहवालात मोजलेलाच नाही. पुराव्यांच्या यादीत मापवह्यांची नोंद होती: परिशिष्ट सात.

"परिशिष्ट सात, चहा मिळेल का?" नवऱ्याने त्या संध्याकाळी विचारलं, आणि पुढे कित्येक महिने तो तिला त्याच नावाने हाक मारत राहिला.

सगळं एका पत्राने सुटलं असं नाही. कंपनीने अपील केलं आणि ते सात महिने चाललं. फेटाळलं गेलं तोवर वकीलबाईचं वजन आणखी घटलं होतं. ट्रकच्या तळावर उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचा फलक लागला. तो पहिल्या आठवड्यात कोणी वाचला नाही, दंड सुरू झाल्यावर सगळ्यांना वाचता आला. शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं. दवाखाना उघडला, पण आठवड्यातून तीनच दिवस. आणि पुठ्ठ्याच्या कारखान्याचा परवाना नूतनीकरणाला आला, तेव्हा मंडळाने अट घातली की पेटवतानाचा धूरही गाळला गेला पाहिजे. त्यासाठी गाळायच्या पिशव्या आधी गॅसवर तापवायची सोय करा.

सुनावणीनंतर दोन महिने साहेबांनी नवऱ्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं. पण गॅसची नवी जोडणी आली तेव्हा ती समजणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता. साहेबांना त्यालाच बोलवावं लागलं. घरी येऊन तो कुरकुरला, "जाता जाता हे एक काम लावलंस मागे." पण रविवारीसुद्धा तो ती जोडणी बघायला गेला, हे मावशीने बघितलं. पहिल्यांदा बॉयलर नव्या पद्धतीने पेटला त्या सकाळी तो कारखान्यातून बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला आणि चिमणीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग घरी येऊन म्हणाला, "काही दिसलं नाही." एवढ्या आनंदाने काही न दिसल्याचं सांगणारा माणूस मावशीने आयुष्यात पहिल्यांदाच बघितला.

तो निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी दुकानात दोन अनोळखी बायका आल्या. बसने दीड तासाचा प्रवास करून आल्या होत्या. त्याच कंपनीने आता त्यांच्या वस्तीजवळ जागा धरली होती. त्यांच्या हातात तसाच पिवळा कागद होता.

"इथे झालं नाही, म्हणून आमच्याकडे आलेत ते," त्यातली एक म्हणाली. बोलण्यात राग होता, आणि तो थोडा मावशीवरही होता.

मावशीला ते लागलं. तिने मशीन थांबवलं. "तुमची वस्ती यादीत आहे का?"

"कसली यादी?"

मावशीने दुकान बंद केलं, दारावर "उद्या या" लिहिलं आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये बसली. वाटेत तिने त्यांना सगळं सांगितलं: यादी कुठे बघायची, एकूण म्हणजे काय, सुनावणीची तारीख नोटिशीत खाली बारीक अक्षरात असते, ती आधी वाचायची. त्या वस्तीत एका गॅरेजमध्ये वीसेक माणसं जमली होती. मावशीने विचारलं, "तुमच्याकडे आजारी मुलांबद्दल कोण काही लिहून ठेवतं का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग मागे भिंतीला टेकलेली एक बाई संकोचाने म्हणाली, "मी पाळणाघर चालवते. तसं विशेष काही नाही... आयांना सांगायला म्हणून लिहिते. मूल किती झोपलं, किती वेळा खोकून उठलं."

"रोज?"

"रोज. अकरा वर्षं झाली."

सगळेच एकदम बोलायला लागले, कोणी तिच्या घरी वह्या आणायला धावलं, कोणी खुर्ची आणली. मावशीने काय काय करायचं ते कागदावर लिहून दिलं, वकीलबाईचा नंबर दिला, दोन कप चहा प्यायली आणि चारची बस गाठायला उठली.

"परत याल ना?" मघाच्या त्या रागावलेल्या बाईने दारापर्यंत येऊन विचारलं.

"पुढच्या मंगळवारी," मावशी म्हणाली. "आणि येताना आमच्या ह्यांना घेऊन येते. घरी बसून त्यांनी माझं डोकं खाल्लंय, आणि भट्टीतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."